शंकूसारखा डोळा

उज्जैनच्या वेधशाळेत गोल ओट्याच्या मध्यभागी एक शंकू उभा आहे. त्याच्या सावलीचे टोक ओट्यावर कोरलेल्या रेषांवरून सरकते आणि त्यावरून सूर्याचे स्थान कळते. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे स्वच्छमंडलाचा (कॉर्नियाचा) आकारही असाच, स्पर्श न करता, केवळ प्रकाशावरून ओळखता येतो. योगायोग असा की, तेथे जो दोष शोधावयाचा त्याच्या नावातही शंकू आहे: केराटोकोनस, अर्थात शंकूरूप स्वच्छमंडल.

या विकारात स्वच्छमंडल पातळ होऊन पुढे फुगते. सुरुवात बहुधा किशोरवयात, म्हणजे नेमकी आपल्या विद्यार्थ्यांच्या वयात होते. चष्म्याचा नंबर, विशेषतः सिलिंडरचा, वरचेवर बदलतो. नवा चष्मा लावूनही फळ्यावरची अक्षरे दुहेरी दिसतात. मुलगा चष्मेवाल्याला दोष देतो, घरचे मुलाच्या वाचनाला!

पोर्तुगीज नेत्रवैद्य प्लासिदो याने १८८० च्या सुमारास प्रचारात आणलेली तबकडी आजही उपयोगी आहे. पुठ्ठ्यावर एकाच केंद्राभोवती काळी-पांढरी वर्तुळे काढावीत आणि मध्ये लहान भोक पाडावे. ज्याचा डोळा पाहावयाचा त्याला उजेडाकडे पाठ करून बसवावे, म्हणजे उजेड तबकडीवर पडेल. आपण भोकातून त्याच्या डोळ्यातील प्रतिबिंब पाहावे. आकार सारखा असेल तर वर्तुळे गोल दिसतात; साध्या दृष्टिवैषम्यात लंबगोल, पण दोन्ही बाजूंनी सारखी. शंकूरूप डोळ्यात मात्र ती वेडीवाकडी होतात आणि जेथे उंचवटा तीव्र, तेथे एकमेकांना खेटतात. उंचवटा बहुधा मध्याच्या किंचित खाली असतो. रेटिनोस्कोप हाती असेल तर बाहुलीतील उजेड कात्रीच्या पात्यांसारखा उघडमीट करताना दिसतो. खाली पाहताना खालची पापणी इंग्रजी ‘व्ही’सारखी पुढे येणे ही खूण प्रसिद्ध खरी, पण ती उशिराची, तिची वाट पाहू नये.

नुसत्या आकड्यावर विसंबणे का बरे नाही, हे नागपूरजवळच्या खेड्यांतील पाहणीवरून समजते. २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीस वर्षे व त्यावरील ४,६६७ जणांच्या मोजणीत ४८ डायॉप्टर ही सीमा धरली तर २.३ टक्के लोक या विकाराचे ठरले. ४९ धरली तर ०.६ आणि ५० धरली तर अवघे ०.१ टक्का! डोळे तेच, सीमा तेवढी सरकली. मुळातच अधिक वक्र, पण सुडौल असलेला डोळा आकड्यात दोषी ठरू शकतो. वर्तुळे त्याची बाजू मांडतात.

अर्थात वर्तुळे सरळ दिसली म्हणून निश्चिंत होता येत नाही. अगदी प्रारंभीचा दोष, विशेषतः मागील पृष्ठभागावरचा, तबकडीला दिसत नाही. त्यासाठी यंत्राने काढलेला नकाशाच लागतो. रिबोफ्लेविनचे थेंब व अतिनील किरण यांच्या उपचाराने वाढ बहुधा थांबते. गेलेला आकार मात्र पूर्ववत होत नाही. म्हणून ज्याचा सिलिंडरचा नंबर वर्षात दोनदा बदलला आणि ज्याला डोळे चोळण्याची सवय आहे, त्याला परीक्षा संपेपर्यंत थांबवू नये, याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.