गाडी हाकेवर, तरी आत्ये घरातच: गावात प्रवास जुळवून देण्याची सेवा कशी उभी करायची

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘गावातली गरज ओळखून सेवा कशी सुरू करायची’ हे बघितलं. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून त्यातलंच एक उदाहरण इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. माझी आत्ये चौक्याच्या पुढे एका वाडीत राहते. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दीड महिन्याने डॉक्टरांना दाखवायचं होतं. दिवस जुलैचे. मी ओळखीच्या ड्रायव्हरला फोन केला, मोठी गाडी सांगितली आणि निश्चिंत झालो. मोठी गाडी म्हणजे आरामाची गाडी, असा माझा समज!

गाडी आली ती रस्त्यावर थांबली. आत्येचं घर रस्त्यापासून खाली. मध्ये चिऱ्याच्या चौदा पायऱ्या, त्यांवर शेवाळ, मग साकव, मग खळं. आम्ही दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. दोन वेळा पाय घसरला. कसेबसे गाडीपाशी पोचलो, तर गाडीची सीट तिच्या कमरेच्या वर. पाय उचलून चढणं तिला शक्यच नव्हतं. पंधरा मिनिटं खटपट झाल्यावर ती म्हणाली, “झिला, माका परत घरात व्हर. ह्यां माका जमाचा नाय.”

परत नेलं. अपॉइंटमेंट गेली, ड्रायव्हरला खेपेचे पैसे दिले ते गेले. त्याहून वाईट म्हणजे पुढचे तीन महिने ती “नको, तुमका उगाच त्रास” म्हणत पडवीच्या बाहेर पडली नाही.

दोन दिवसांनी कळलं, की त्याच दिवशी शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ त्याच रस्त्याने ओरोसला गेले होते. बसायला सोपी, बुटकी गाडी होती आणि मागची सीट रिकामी होती. आम्हाला त्यांचं माहीत नव्हतं, त्यांना आमचं माहीत नव्हतं.

आजचा धडा इथेच आहे. आपल्याकडे गाड्या कमी नाहीत. कोणाला, कधी, कुठे जायचंय आणि कुठली गाडी चालेल हे जुळवणारा माणूस कमी आहे. ते जुळवणं हीच सेवा आहे आणि ती एक फोन आणि एक वही यांवर सुरू होते.

आधी बघा, आज काय उपलब्ध आहे

कुठलाही धंदा सुरू करण्याआधी आजूबाजूला काय आहे ते मांडायचं.

१०८ ची रुग्णवाहिका तातडीच्या वेळेसाठी आहे. १०२ गरोदर माता आणि बाळांसाठी. ठरलेल्या तारखेला तपासणीला जायला, फिजिओथेरपीला जायला किंवा तिथून घरी यायला या गाड्या नाहीत, आणि आपण तशा वापरूही नयेत.

एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. दिव्यांगांना साध्या गाडीत ७५ टक्के सवलत आहे. चांगली गोष्ट आहे, पण तिकीट स्वस्त झालं म्हणून पहिली पायरी खाली येत नाही. शिवाय वाडीपासून स्टॉपपर्यंत यायचं कसं?

कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सुगम वाहतूक ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. ‘सुगम्य भारत अभियान’ त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालं. आपण हक्क मागत राहायचंच. पण पुढच्या मंगळवारी कोणाला तरी ओरोसला जायचंय, त्याचं उत्तर गावात लागतं.

आणि एक विचित्र पेच बघा. सवलत हवी तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं. त्या तपासणीसाठी बहुतेकांना सरकारी रुग्णालय गाठावं लागतं. म्हणजे प्रवास जमत नाही, हे सिद्ध करायलाच प्रवास!

दुसऱ्यांनी काय केलं

मुंबईत ‘इझी मूव्ह’ आणि बंगळूरूत ‘किकस्टार्ट कॅब्ज’ यांनी व्हीलचेअरसकट आत जाता येईल अशा टॅक्सी चालवल्या. मोठ्या शहरात रोज पुरेशा फेऱ्या मिळू शकतात. मालवण तालुक्यात पहिल्याच दिवशी लाखो रुपये घालून अशी गाडी घेतली, तर हप्ता भरताना जीव जाईल. ती पुढची पायरी.

आपल्याला जवळचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरात कॅथरीन फ्रॉइंड यांच्या लहान मुलाला १९८८ मध्ये एका ८४ वर्षांच्या माणसाच्या गाडीने उडवलं. मुलगा वाचला. पण त्या बाईंनी प्रश्न वेगळा विचारला: या वयात हा माणूस गाडी का चालवत होता? कारण त्याला दुसरी सोय नव्हती. त्यातून १९९५ मध्ये त्यांनी ज्येष्ठांसाठी प्रवासाची संस्था सुरू केली. तिची पद्धत लक्षात ठेवा. प्रत्येक सभासदाचं खातं असतं, गाडीत रोख व्यवहार नाही. लांब राहणारी मुलं त्या खात्यात पैसे टाकू शकतात. ज्या दुकानात गिऱ्हाईक येणार, ते दुकानही प्रवासाचा थोडा वाटा उचलतं.

हे वाचल्यावर मला आपले चाकरमानीच आठवले. आई गावात, मुलगा मुंबईत. पैसे द्यायची त्याची तयारी असते, पण फोन कोणाला करायचा ते त्याला कळत नाही. म्हणजे प्रवासी एक आणि पैसे देणारा दुसरा. या धंद्यात दोघांशी वेगवेगळं बोलावं लागतं.

सेवा उभी करायच्या सहा पायऱ्या

१. यादी करा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदानाची सोय होती. अर्ज आधी भरून घेतले होते, म्हणून कुठल्या घरी जायचं ते ठरवता आलं. आपणही यादीपासूनच सुरुवात करायची. आशाताई, अंगणवाडीताई, पोस्टमन, मेडिकलवाले यांना विचारा. पण घरच्यांना आणि स्वतः त्या व्यक्तीला विचारूनच नाव लिहा. कोणाचा आजार, कोणाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. ही वही म्हणजे लोकांचा विश्वास आहे.

२. पडवीपासून गाडीपर्यंतचा रस्ता बघा. मी इथेच चुकलो होतो. घरी एकदा स्वतः जा. पायऱ्या किती? पाणंदीतून व्हीलचेअर जाते का? साकव आहे का? पावसात निसरडं होतं का? आणि मग विचारा: स्वतः उभं राहता येतं का? बसताना कुठली बाजू दुखते? सोबत कोण येणार? वाटेत बाथरूमला थांबावं लागतं का? उचलण्याआधी “कसं धरू?” असं त्यांनाच विचारायचं. दंडाला धरून ओढायचं नाही.

३. माणूस बघून गाडी निवडा. फार उंच सीटवर चढता येत नाही, फार बुटक्या सीटवरून उठता येत नाही. टेप घेऊन जमिनीपासून सीटची उंची मोजा. ज्या खुर्चीवरून ती व्यक्ती घरी सहज उठते, तिच्या जवळपासची उंची चालते. दार पूर्ण उघडतं का बघा. आणि डिकी बघा! सीएनजी गाडीत टाकीने बरीचशी डिकी व्यापलेली असते, घडीची व्हीलचेअर बसत नाही. हे रस्त्यावर उभं राहून कळलं तर उपयोग नाही.

४. वार ठरवा. “कधीही फोन करा” म्हणालात की जुळणी होत नाही. “मंगळवार आणि शुक्रवार, मालवण–चौके–कट्टा–कसाल–ओरोस, सकाळी साडेसहा” असं ठरवा. लोक डॉक्टरांची तारीख त्या वारी मागू लागतील. डायलिसिसवाल्यांचे वार ठरलेले असतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. येताना त्यांना थकवा असतो, म्हणून परतीची घाई करायची नाही. वेटिंगचे पैसे आधीच धरायचे.

५. कागद पक्के ठेवा. भाड्याने माणसं न्यायची तर पिवळ्या पाटीची, परमिट, फिटनेस आणि विमा चालू असलेलीच गाडी. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून पैसे घेऊन नेलं आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकतो. गोव्यात बांबोळीला जायचं असेल, तर त्या गाडीचं परमिट तिथे चालतं का हे आधी तपासा. आणि तब्येत अचानक बिघडली तर आपण हिरो व्हायचं नाही, सरळ १०८.

६. पैसे उघड ठेवा. गाडीभाडं वेगळं, मदतनिसाचे वेगळे, तुमचे वेगळे. तिन्ही ओळी कागदावर. पैसे देणाऱ्याला फेरी झाल्यावर मेसेज: “सुखरूप पोचवलं, पुढची तारीख अमुक.” मुंबईत बसलेल्या मुलाला तो मेसेज पैशांपेक्षा मोठा वाटतो.

आता हिशोब

आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या भागातले रेट टाका.

समजा मालवणहून ओरोसला जाऊन-येऊन, वेटिंगसह गाडीचे १,८०० रुपये. एकटा माणूस गेला तर त्याला १,८०० पडतात. दोन प्रवासी आणि त्यांच्यासोबत एकेक माणूस असे चौघे नेले, तर दर प्रवाशाला गाडीचे ९००. दोन्ही घरी उचलून बसवायला मदतनीस ३०० रुपये, म्हणजे दर प्रवाशी १५०. तुमची जुळणी फी दर प्रवाशी १००. एकूण १,१५०. प्रवाशाचे ६५० वाचले आणि वर मदतनीसही मिळाला.

महिन्याला आठ फेऱ्या धरा. ड्रायव्हरला १४,४००, मदतनिसाला २,४००, तुम्हाला १,६००.

बघितलंत? सगळ्यात कमी तुमच्या हातात येतात. नुसत्या याच्यावर घर चालणार नाही, हे मी आजच सांगतो. दुकान, रिक्षा, मेडिकल, होमस्टे, ट्रॅव्हल्स यांपैकी काहीतरी चालू असेल तर त्याला जोडून करा. मग त्याच वहीवर आणखी कामं येतात: व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची भाड्याने देणं, कुडाळ स्टेशनवर उतरणाऱ्या ज्येष्ठांना डब्याच्या दारापाशी घ्यायला जाणं, आजी-आजोबांना घेऊन मालवण बघायला आलेल्या कुटुंबांना सोयीची गाडी आणि पायऱ्या नसलेली खोली मिळवून देणं. पर्यटकाकडून जास्त फी घ्या, गावातल्या पेशंटकडून कमी.

ग्रामपंचायतीलाही भेटा. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. त्यातून वाडीसाठी एक व्हीलचेअर किंवा निसरड्या पायऱ्यांना कठडा होऊ शकतो का, ते विचारा. तुमची यादी हातात असेल तर मागणीला वजन येतं.

सीझनची परीक्षा

पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद, पर्यटक कमी, गाड्या दारात उभ्या. पेशंटला मात्र जावंच लागतं. म्हणून ड्रायव्हर पावसाळ्यात आनंदाने येईल. खरी परीक्षा मे महिन्यात आणि नाताळात. पर्यटक दुप्पट भाडं देतो आणि ड्रायव्हर सकाळी सहाला फोन उचलत नाही!

यावर माझा उपाय: एक नाही, तीन ड्रायव्हर ठेवा. “पावसाळ्यात फेऱ्या हव्यात तर सीझनमध्येही मंगळवार-शुक्रवार सकाळ माझी” हे जूनमध्येच बोलून घ्या. आणि आदल्या संध्याकाळी सात वाजता ड्रायव्हर, मदतनीस, घरचे, तिघांनाही फोन. एकदा जरी म्हातारं माणूस तयार होऊन पडवीत बसलं आणि गाडी आली नाही, तर ते पुन्हा “हो” म्हणत नाही. माझ्या आत्येने मला हे शिकवलं.

ती नंतर गेली. बुटकी गाडी, पायऱ्यांवर रात्रीच पसरलेली वाळू, दोन माणसं आणि शेजारच्या वाडीतले तेच गृहस्थ सोबतीला. तपासणी दहा मिनिटांत झाली. येताना तिने कसालला गाडी थांबवायला लावून चहा घेतला आणि पुढच्या वेळी आपल्याला कुडाळच्या बाजारात जायचंय, असं स्वतःच सांगितलं.

गृहपाठ: या आठवड्यात आपल्या वाडीतल्या फक्त पाच घरांत जा. वहीत चार रकाने करा: कोणाला जायचंय, कुठे, कुठल्या वारी, आणि मागच्या वेळी काय अडलं. गाडीचं नाव अजून काढू नका. पाचांपैकी दोघांचा वार आणि रस्ता जुळला, तर तुमची पहिली फेरी तयार आहे. त्या फेरीचा हिशोब कसा लिहायचा, ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवतो.