खोकला जात नसेल तर केसपेपरवर काम लिहून घ्या

खदानीजवळच्या वस्तीत गेलो की आम्हाला एक गोष्ट हमखास ऐकू येते. "टीबीच्या गोळ्या दोनदा झाल्या, तरी दम जात नाही." तेव्हा आम्ही आधी विचारतो, काम कुठे करता?

क्रशरमध्ये दगडाची खडी होताना उडणारी जाड धूळ नाका-घशात अडकते. खरा धोका न दिसणाऱ्या बारीक धुळीचा. ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. धुळीत सिलिका असेल तर आत व्रण पडून फुप्फुस कडक होत जाते. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही आणि अशा माणसाला टीबीही लवकर गाठतो. आपल्या परभणीच्या काळ्या दगडात ही सिलिका कमी असते, देगलूरकडच्या ग्रॅनाइटमध्ये जास्त. पण काळ्या दगडाची धूळही दमा आणि जुनाट खोकला वाढवते. क्रशरवर कधी न गेलेल्या लेकरांना, म्हाताऱ्यांनाही तिचा त्रास होतो.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, छातीचा एक्स-रे काढा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा, "मी इतकी वर्षे क्रशरवर आहे," आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. एक्स-रेत टीबी आणि सिलिकोसिस सारखे दिसू शकतात. शिवाय कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात सिलिकोसिस आहे, पण कामाचा पुरावा लागतो. कागद जपून ठेवा. टीबी निघाला तर गोळ्या मध्येच सोडू नका.

घरात कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. पाणी, अन्न झाकून ठेवा. कामाचे कपडे घरात झटकू नका. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. मालकाकडे एन-९५ मास्क मागा.

मात्र धूळ जिथे उठते तिथेच दाबायला हवी. क्रशरने यंत्र झाकावे, पाणी फवारावे, वारा अडवणारी भिंत बांधावी, आतला रस्ता पक्का करावा, कडेने झाडे लावावीत, असा पर्यावरण कायद्याचा नियमच आहे. यातले काय नाही ते तारखेसह लिहा, फोटो काढा. वस्तीतल्या बायका-पुरुषांच्या सह्या घेऊन अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि तहसीलदारांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.

मजूरमंत्री असताना बाबासाहेब १९४३ साली धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. कामगाराचे हाल त्यांनी जागेवर जाऊन पाहिले. आपणही आपल्या वस्तीतली धूळ नीट पाहू, नोंदवू आणि एकत्र जाऊन विचारू.

जयभीम.