जीवाणूंची कात्री

विज्ञान हा आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा प्रांत नव्हे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु मनुष्य सजीवांच्या आनुवंशिक गुणांतच हात घालू लागला, तेव्हा हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरला नाही. ज्या साधनामुळे हे शक्य झाले, त्याची येथे थोडक्यात ओळख करून घेऊ.

जीवाणूंवरही विषाणू हल्ला करतात आणि आपला डीएनए त्यांच्या पेशीत सोडतात. तरीही काही जीवाणूंत या विषाणूंची वाढ होत नाही. असे का व्हावे? स्वित्झर्लंडमधील वर्नर आर्बर यांनी १९६०च्या दशकात याचा शोध घेतला. परक्या डीएनएचे तुकडे करणारी विकरे, म्हणजेच एंझाइम, जीवाणूजवळ असतात. मग त्याचा स्वतःचा डीएनए कसा वाचतो? त्यावर जीवाणू मिथिल गटाची खूण करून ठेवतो. जेथे खूण, तेथे कात्री चालत नाही!

१९७० मध्ये अमेरिकेत हॅमिल्टन स्मिथ यांनी ठराविक जागीच कापणारे विकर शोधले. डॅनियल नाथन्स यांनी ते वापरून एका विषाणूच्या डीएनएचा नकाशा तयार केला. या तिघांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डीएनएची लिपी ए, टी, जी, सी या चार अक्षरांची आहे. 'इको आर-वन' हे विकर 'जीएएटीटीसी' ही अक्षरे आली की जी व ए यांच्यामध्ये कापते. समोरच्या धाग्यावर हीच अक्षरे उलट दिशेने असल्याने काप पायरीसारखा पडतो आणि 'एएटीटी' ही टोके मोकळी राहतात. एकाच विकराने कापलेले कोणतेही दोन डीएनए या टोकांशी जुळतात. लायगेज नावाचे दुसरे विकर त्यांना सांधते. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी असा जोडलेला डीएनए जीवाणूत वाढवून दाखविला.

या सामर्थ्याने प्रथम सावध झाले ते शास्त्रज्ञच. १९७४ मध्ये त्यांनी काही प्रयोग थांबविण्याचे आवाहन केले आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे जमून सुरक्षिततेचे नियम सुचविले. त्यानंतर १९७८ मध्ये जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्यात यश आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याच्या विक्रीस मान्यता मिळाली. तोवर मधुमेही रुग्णांना डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर अवलंबून राहावे लागे.

जीवाणूजवळ कात्री आहे, तशीच ती कोठे चालवू नये याची खूणही आहे. माणसाला कात्री मिळाली; खूण मात्र त्याला स्वतःच्या विवेकाने करावी लागणार. हे काम एकट्या शास्त्रज्ञांचे नव्हे. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र व नीतिशास्त्र अभ्यासणाऱ्या आपणा सर्वांचा त्यात वाटा आहे.