हिवाळ्यातील ढगाळ हवा आणि आपली बाग

हैदराबादचा हिवाळा बागेला मानवतो. शेवंती, झेंडू, गुलाब, टोमॅटो, कोबी यांचा हाच हंगाम. परंतु ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बंगालच्या उपसागरात वादळे उठतात, आणि समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या शहरावरही त्यांचे आभाळ येते. अशा दिवसांत बागेत काय करावे आणि काय करू नये, हे मी एका चुकीतून शिकलो. विद्यार्थी मित्रांसाठी ती चूक प्रथम सांगतो.

५ डिसेंबर २०२३ रोजी ‘मिचाँग’ चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर बापटलाजवळ धडकले. इकडे आभाळ भरून आले, गारठा पडला, भुरभुर सुरू झाली. कॉलेजच्या बागेत विद्यार्थ्यांनी पेरलेल्या टोमॅटोची रोपे बोटभर झाली होती. प्रत्येकाने आपली रोपे घरी न्यायची, असे ठरले होते. माझ्या वहीत ‘रोज सकाळी पाणी’ असे लिहिलेले. म्हणून मी झारी उचलली. माळीकाका म्हणाले, “नक्को साब, मिट्टी कू हवा होना.” मी हसलो आणि पाणी घातले. चौथ्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या मला विद्यार्थ्यांपुढे उभे राहणे जड गेले.

याला रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियमसारख्या बुरशीमुळे कोवळे खोड जमिनीलगत पाणचट आणि बारीक होते व रोप आडवे पडते. ढगाळ हवेत पानांतून बाष्पोत्सर्जन कमी होते, त्यामुळे मुळे पाणी कमी ओढतात. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, आणि बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. आपल्याकडची तांबडी चलका जमीन पाण्याचा निचरा लवकर करते. आमच्या वाफ्यात मात्र बाहेरून आणलेली रेगड होती. मराठवाड्यातून आलेल्या घरांना ही काळी माती ओळखीची आहे. ती पाणी धरून ठेवते.

आता कामे पाहू. पहिले काम निचऱ्याचे. रोपांसाठी गादीवाफा सुमारे १५ सेंटिमीटर उंच करावा, कडेने चर काढावा, कुंड्यांखालच्या ताटल्यांतील पाणी ओतून द्यावे. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये.

दुसरे काम बोर्डो मिश्रणाचे. १ लिटर मिश्रणासाठी १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या पाण्यात आणि १० ग्रॅम चुना उरलेल्या पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत कालवावा. दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावी. स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी थोडी वाढवावी. हे मिश्रण त्याच दिवशी वाफ्यात ओतावे. फ्रान्समधील बोर्डो भागात द्राक्षवेलींवर ते प्रथम वापरले गेले, म्हणून हे नाव. मिलार्डे यांनी १८८५ साली त्याचा उपयोग जगापुढे मांडला.

पाऊस चालू असता गुलाबाची छाटणी करू नये. ओल्या जखमेतून फांदी वाळत जाते. शेवंती व झेंडूची फुले पाणी पिऊन जड होतात, त्यांना काठीचा आधार द्यावा. मोकळ्या वेळी कात्री, खुरपे पुसून तेल लावावे.

शेवटी तुळस. ढग रात्री जमिनीची उष्णता अडवून धरतात. म्हणून कडक थंडी आभाळ असताना नव्हे, ते निवळल्यावर पडते. हैदराबादेत ८ जानेवारी १९४६ रोजी पारा ६.१ अंशांपर्यंत उतरला होता. आभाळ निवळलेल्या संध्याकाळी तुळशीवर जुने धोतर पांघरावे व सकाळी उन्हाबरोबर काढावे.

आम्ही पुन्हा बी पेरले. या खेपेस झारी माळीकाकांच्या हाती दिली, आणि फेब्रुवारीत मुलांनी रोपे घरी नेली. वहीतील ‘रोज सकाळी पाणी’ हे वाक्य मी खोडले आहे. तेथे आता ‘प्रथम बोट घालून पाहावे’ असे लिहिले आहे.