बहुपट्टी दिशादर्शी अँटेना व बॅलनची निवड

प्रेषकाची शक्ती चहूकडे विखुरली जाऊ न देता ती एका दिशेस एकवटणे, हे दिशादर्शी अँटेनेचे कार्य होय. शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी या जपानी संशोधकांनी १९२६ साली जगापुढे मांडलेली रचना आजही हौशी रेडिओचालकांच्या मनोऱ्यांवर दिसते. १४, १८, २१, २४ व २८ मेगाहर्ट्झ या पाचही पट्ट्यांवर चालणाऱ्या अँटेना आता सर्रास वापरात आहेत. अशा अँटेनेचा सारा गुण एका लहानशा डबीवर अवलंबून असतो. ती डबी म्हणजे बॅलन.

बॅलनची गरज का पडते, हे प्रथम पाहू. अँटेनेच्या ज्या दांड्यास केबल जोडावयाची, तो बहुधा मध्यावर दुभागलेला असतो व त्याचे दोन्ही अर्ध सारखे असतात. म्हणून तो संतुलित होय. समाक्ष केबल मात्र असंतुलित असते. तिच्यात मधोमध एक तार व तिच्याभोवती जाळीचे वेष्टन असते. उच्च कंप्रतेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागाच्या पातळ थरातूनच वाहतो. त्यामुळे जाळीची आतील व बाहेरील बाजू या जणू दोन निरनिराळ्या तारा ठरतात. दांड्याच्या एका अर्धाकडे जावयाचा प्रवाह जाळीच्या टोकाशी येताच त्याला दुसरीही वाट मोकळी सापडते. ती म्हणजे जाळीच्या बाहेरील बाजूने खाली उतरण्याची.

असे झाले म्हणजे केबल स्वतःच अँटेना बनते. मागील व बाजूच्या दिशांकडील जे प्रेषण दाबले जावयास हवे, ते पुन्हा डोके वर काढते. ग्रहणाच्या वेळी घरातील विद्युत् उपकरणांचा खरखराट याच वाटेने ग्राहकयंत्रात शिरतो, आणि प्रेषणाच्या वेळी ध्वनिग्राहकाच्या धातूस हात लागताच चटका बसू शकतो. ही वाट अडविणे हे बॅलनचे मुख्य काम होय.

बॅलनचे दोन प्रकार आहेत. पहिला दोन्ही टोकांवरील विद्युत् दाब सारखे ठेवतो, तर दुसरा दोन्ही अर्धांतील प्रवाह सारखे ठेवतो. दुसऱ्या प्रकाराचे मूळ तत्त्व गुस्ताव्ह ग्वानेला यांनी १९४४ साली मांडले. मनोरा, छप्पर व जवळच्या तारा यांमुळे प्रत्यक्षातील अँटेना कधीच पूर्णपणे संतुलित नसते. अशा स्थितीत दाब सारखे असूनही प्रवाह विषम होऊ शकतात. यास्तव दिशादर्शी अँटेनेसाठी प्रवाह समान राखणारा बॅलनच निवडावा.

त्यानंतर गुणोत्तराचा विचार करावा. अँटेनेचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण विरोध, जोडणीच्या जागी सुमारे ५० ओहम असल्यास १:१ बॅलन पुरतो. तो २०० ओहम असेल, तर ४:१ बॅलन लागतो. ५० ओहमच्या अँटेनेस चुकून ४:१ बॅलन जोडल्यास केबलीस साडेबारा ओहमच दिसतात आणि स्थिरतरंग गुणोत्तर ४ होते.

तथापि गुणोत्तर जुळले म्हणजे निवड संपली असे नव्हे. बहुपट्टी अँटेनेची खरी अडचण निराळीच आहे. केबलीचे खालचे टोक भूमीस जोडलेले असून तिची लांबी अर्ध्या तरंगलांबीइतकी किंवा तिच्या पूर्ण पटीत असल्यास, बाहेरील बाजूची वाट प्रवाहास अतिशय सोपी होते. १४ मेगाहर्ट्झवर अर्धी तरंगलांबी सुमारे साडेदहा मीटर, तर २८ मेगाहर्ट्झवर सव्वापाच मीटरांच्या आसपास असते. पाचही पट्ट्यांना सोयीची अशी लांबी सापडणे दुरापास्त असते. म्हणून बॅलनने प्रत्येक पट्टीवर पुरेसा विरोध केला पाहिजे.

हा विरोध किती असावा? १०० वॅट शक्ती ५० ओहमच्या अँटेनेस दिली असता सुमारे ७१ व्होल्ट दाब निर्माण होतो. त्यापैकी निम्मा, म्हणजे ३५ व्होल्ट, बॅलनवर येतो असे धरू. विरोध ५०० ओहमचा व निव्वळ रोधाच्या स्वरूपाचा असल्यास सुमारे ७० मिलिअँपियर प्रवाह निसटतो व अडीच वॅट शक्तीची उष्णता होते. विरोध ५,००० ओहमचा असल्यास प्रवाह ७ मिलिअँपियर व उष्णता केवळ पाव वॅट राहते. सारांश, जो बॅलन अधिक अडवितो, तोच कमी तापतो. ही गोष्ट महत्त्वाची आहे; कारण फेराइट फार तापल्यास त्याचे चुंबकीय गुण नष्ट होतात.

केबलीचीच वेटोळी करून बनविलेला बॅलन स्वस्त पडतो. परंतु तो एखाद्या पट्टीवर उत्तम, तर दुसऱ्या पट्टीवर दुबळा ठरतो. शिवाय वेटोळ्यांचे प्रवर्तकत्व व केबलीच्या बाहेरील बाजूची विद्युत् धारणा परस्परांस छेद देऊन सारा विरोध नाहीसा करू शकतात. फेराइटच्या कड्यावरून केबल गुंडाळल्यास विरोधाचा मोठा भाग रोधाच्या स्वरूपाचा असतो. तो असा छेदला जात नाही. ३१ व ४३ क्रमांकांची फेराइट मिश्रणे या पट्ट्यांसाठी योग्य आहेत. मात्र फेरे वाजवीपेक्षा अधिक घेऊ नयेत. कारण फेऱ्याफेऱ्यांमधील विद्युत् धारणा वाढून २८ मेगाहर्ट्झवरील विरोध घटतो.

बॅलन अँटेनेच्या जोडणीपाशीच बसवावा. डबी पावसापासून सुरक्षित असावी व साचलेला ओलावा निघून जाण्यासाठी तिच्या तळाशी बारीक छिद्र ठेवावे. शेवटी परीक्षा घ्यावी. स्थिरतरंग गुणोत्तर कमी आले, एवढ्यावरून बॅलन चांगला ठरत नाही. बॅलन नसतानाही ते कमी येऊ शकते. परंतु केबल हलविताच किंवा तिला छोटा तुकडा जोडताच गुणोत्तर ठळकपणे बदलले, तर बाहेरील बाजूने प्रवाह वाहत आहे असा संशय घेण्यास जागा असते. ही परीक्षा पाचही पट्ट्यांवर घ्यावी. कारण ज्या पट्टीवर बॅलन सर्वांत दुबळा, तेथील विरोधावरूनच त्याचे मोल ठरते.