शेजारच्या सीटवरचा माणूस

ठाणे

चि. चिऊस,


तुझा लांबलचक मेसेज मिळाला. ड्यूटीच्या तासांवरून तुमच्याकडे वैमानिकांचा जो संप पेटला होता तो तूर्त मिटलाय. पण त्या दिवसांत ज्या कॅप्टननी एकही फ्लाइट सोडली नाही, नेमकं त्यांच्याबरोबर पुढच्या आठवड्यात तुझं रोस्टर लागलंय. आणि तुमच्या ग्रुपवर ठरलंय की असल्या माणसांशी चेकलिस्टपलीकडे चकार शब्द बोलायचा नाही. 'मामा, मी काय करू?' असं तू विचारतेस. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. संपफोड्याचा मला पुळका नाही. पगार वाढला की तो त्याच्याही खात्यात पडतो, विश्रांतीचे तास वाढले की तोही झोपतो. मोल मात्र दुसऱ्यांनी मोजलेलं असतं. वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली, ती कुणी आपण होऊन दिलेली नाही, त्यामागे भांडणं आहेत. तेव्हा तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. तो कुणावर काढायचा, कुठे काढायचा आणि किती वर्षं बाळगायचा, एवढंच पाहायचं.

या रागाची परंपरा पाहायची तर अमेरिकेकडे बघ. 1983 च्या सप्टेंबरात फ्रँक लोरेन्झो यांच्या कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, कामगारांचे करार मोडीत काढले आणि पगार जवळजवळ निम्म्यावर आणले. 1 ऑक्टोबरला वैमानिक संपावर गेले. कंपनीने बाहेरून माणसं भरली, आतलेही बरेच परतले आणि विमानं उडत राहिली. दोन वर्षं रखडून संप मागे घ्यावा लागला. पुढे लोरेन्झोंच्याच हाताखालच्या ईस्टर्न एअरलाइन्समध्ये 4 मार्च 1989 ला मेकॅनिक संपावर गेले आणि वैमानिक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. नोव्हेंबरात वैमानिकांनी हात टेकले. 18 जानेवारी 1991 ला कंपनीच बंद पडली.

मागे उरल्या त्या याद्या. संप मोडून उडालेल्यांना तिकडे 'स्कॅब' म्हणतात, म्हणजे शिवीच. त्यांची नावं छापली गेली आणि पायलट ती यादी फ्लाइट बॅगेत घेऊन फिरू लागले. ड्यूटी संपवून घरी निघालेला परका पायलट कॉकपिटमधली जंप सीट मागायला आला की कॅप्टन यादी काढून बघायचा. नाव सापडलं की, 'सॉरी, खाली उतरा.' पुरती एक पिढी रिटायर होईपर्यंत हे चाललं. लोरेन्झो मात्र 1990 मध्येच आपला हिस्सा विकून मोकळे झाले होते. ज्यांनी आग लावली ते कधीच निघून गेले आणि होरपळलेले एकमेकांची नावं वाचत बसले.

बरं, याद्यांनी काही साधलं म्हणावं, तर 1983 ची यादी डोळ्यांसमोर असूनही ईस्टर्नमध्ये शेकडो वैमानिक परतलेच. घर चालेनासं झालं की माणूस उद्याच्या बदनामीला भीत नाही. त्याला धरून ठेवतं ते वेगळंच काहीतरी. युनायटेड एअरलाइन्सचा 1985 चा संप बघ. कंपनीला नव्या वैमानिकांसाठी कमी पगाराची वेगळी श्रेणी आणायची होती. जुन्यांच्या खिशाला त्याची झळ नव्हती, तरी 17 मेपासून 29 दिवस ते संपावर राहिले. कंपनीने संपाच्या तयारीने सुमारे 570 नवे वैमानिक शिकवून ठेवले होते. संप सुरू होताच त्यांना कामावर बोलावलं आणि त्यातले बहुतेक गेलेच नाहीत. ज्यांची नोकरी अजून सुरूही झाली नव्हती, त्यांनी ती पणाला लावली. नंतर कंपनीने त्यांना दारात उभं केलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं. जुने आपल्यासाठी भांडताहेत हे त्यांना आधीच दिसलं होतं, म्हणून ते टिकले. एकी संपाआधी बांधायची असते. संपानंतरच्या वाळीतून ती उगवत नाही.

आणि वाळीत टाकणं म्हणजे काय, ते मी लालबागच्या चाळीत पाहिलंय. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा तुझे आजोबा साचेखात्यात होते. मी कॉलेजात होतो. वर्ष उलटल्यावर आमच्या मजल्यावरचे एक काका पहाटे गुपचूप डबा घेऊन गिरणीत जायला लागले. दोन दिवसांत चाळीला कळलं. काकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं जाईनासं झालं. नळावर त्यांची कळशी सगळ्यांच्या मागे सरकवली जायची. त्यांचा मुलगा माझ्या वर्गातला, तो गणपतीच्या मंडपात यायचा बंद झाला. त्या घरात एक आजारी म्हातारी आणि वाण्याची थकलेली उधारी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ते बोलत नव्हतं. संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, तो विरून गेला. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. मालकांचं नाव आजोबांच्या तोंडी फारसं कधी यायचं नाही. त्या काकांचं मात्र शेवटपर्यंत यायचं. हे मला तेव्हाही खटकायचं.

म्हणून तुझ्या कॅप्टनबद्दल निवाडा करण्याआधी एवढं विचार. संपाच्या बाजूने सभेत त्यांनी हात वर केला होता का? हात वर करून मग जो उडाला, त्याने शब्द मोडला. त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, तो तुझा हक्क आहे. पण 'मला हे पटत नाही' असं जो आधीच तोंडावर सांगून मोकळा झाला, त्याने तुम्हाला फसवलेलं नाही. आणि वैमानिक प्रशिक्षणाच्या कर्जाचे हप्ते नि घरचं आजारपण यांत पिचून जो मोडला, त्याला मदत करायला संघटनेकडे फंड होता का, हेही विचारायला हवं. तिघांना एकच शिक्का मारणं सोपं आहे, न्याय्य नाही.

शिक्क्यांचं दुसरं असं की ते फिरतात. एअर इंडियात 2011 साली पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी दहा दिवस संपावर होते, तेव्हा मूळ एअर इंडियावाल्यांची संघटना त्यांच्याबरोबर उतरली नाही. दुसऱ्याच वर्षी ड्रीमलायनरच्या ट्रेनिंगवरून एअर इंडियावाले 58 दिवस संपावर गेले, तेव्हा आदल्या वर्षीचे संपकरी कामावर होते. मग फितूर कोण ठरवायचं? ज्या वर्षी विचाराल त्यावर उत्तर अवलंबून.

आता मुद्द्याचं. कॉकपिटचं दार बंद झालं की संप बाहेर राहिला पाहिजे. यात तडजोड नाही. 'चेकलिस्टपलीकडे बोलायचं नाही' हे ठरवणाऱ्याने विमान कसं चालतं याचा विचार केलेला नाही. चेकलिस्टमध्ये नसलेलंच तर बोलावं लागतं. 'सर, समोरचा ढग मला बरा दिसत नाही.' 'सर, आपण जरा वर आहोत.' 'सर, तुम्ही थकलेले दिसताय, हा सेक्टर मी फ्लाय करू का?' पावसाळ्यात मुंबईला उतरताना अप्रोच स्थिर नसेल तर तुझ्या तोंडून 'गो-अराउंड' क्षणात निघालं पाहिजे, आणि समोरच्याने ते टोमणा न समजता ऐकलं पाहिजे. तासभर अबोला धरलेल्या माणसाचं ते वाक्य दोन सेकंद उशिरा येतं. मागे बसलेल्या दीड-पावणेदोनशे माणसांनी कुणाच्याच बाजूने मत दिलेलं नाही.

2022 च्या एप्रिलमध्ये पगारावरून चिडलेल्या काही वैमानिकांनी 121.5 वर अर्वाच्य भाषेत राग काढला, हे तू वाचलं असशील. ती संकटात सापडलेल्यांची फ्रीक्वेन्सी. त्यांचं गाऱ्हाणं रास्तही असेल, पण त्या दिवसानंतर चर्चा त्यांच्या तोंडाची झाली, पगाराची नाही.

दाराबाहेर तू मोकळी आहेस. त्या कॅप्टनबरोबर हॉटेलात जेवायला बसायचं नसेल तर नको बसूस; 'मी थकलेय सर' एवढं पुरे. मनात असेल तर सरळ विचारसुद्धा, 'तुम्ही का उडालात?' पण ग्रुपवर त्यांचं नाव फिरवू नकोस आणि त्यांच्या बायकामुलांपर्यंत हे जाऊ देऊ नकोस.

आणि पुढच्या वेळी पाळी येईलच, तेव्हासाठी. संप करायचा तर नोटीस देऊन, मतदान घेऊन, नावानिशी कर. सगळ्यांनी एकाच दिवशी सिक मारायची युक्ती मला कधीच पटली नाही. 2009 मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी ती वापरली आणि काढलेल्या सहकाऱ्यांना परत घ्यायला लावलं, हे खरं. पण 'आज मी उडायला फिट नाही' हे आपल्या हातातलं सर्वांत मोलाचं वाक्य आहे. ते एकदा हत्यार म्हणून वापरलं की ज्या दिवशी तुला खरोखर ताप असेल, त्या दिवशी रोस्टरवाला हसेल. आणि हात वर केलास तर मग कितीही ताणलं तरी मागे फिरू नकोस. पैशांची अडचण आली तर मला सांग, तुझ्या आईला कळणार नाही.

तेव्हा पुढच्या आठवड्यात वेळेवर रिपोर्ट कर, 'गुड मॉर्निंग सर' म्हण, ब्रीफिंग नीट ऐक, आणि शंका आली की पहिल्या सेकंदाला बोल. संघटनेची वर्गणी चुकवू नकोस आणि पुढच्या सभेत अडलेल्यांसाठीच्या फंडाचा विषय तूच काढ.

तुझा,
मामा