शाळेची परसबाग: आधी सुट्ट्या पाहा, मग बियाणे आणा

शाळा उघडून पहिला पाऊस झाला की परसबागेची लगबग सुरू होते. उत्साहाच्या भरात भेंडी, वांगी, टोमॅटो सगळे एकदम लावले जाते आणि नेमके भर तोडणीत दिवाळीची सुट्टी लागते. भेंडी दोन-तीन दिवसांआड तोडावीच लागते. आठवडाभर झाडावर राहिली तर ती निबर होते आणि झाडाचा नवा बहर मंदावतो. म्हणून शाळेच्या बागेचे नियोजन हंगामाइतकेच शाळेच्या वेळापत्रकावर बेतावे. भाजी मुलांच्या ताटात कधी यायला हवी ते ठरवा आणि तिथून मागे मोजत पेरणीची तारीख काढा.

गरज किती, वाफे किती

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. म्हणजे ६० मुलांच्या प्राथमिक शाळेला रोज ३ किलो भाजी लागते. ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद वाफ्यातून लाल माठ चांगला आला तर साधारण दोन-तीन किलो निघतो. थोडक्यात, एका वाफ्यातून एका दिवसाची भाजी मिळते. चार वाफे एकाच दिवशी पेरले तर भाजी एकदम येते आणि निम्मी वाया जाते. तेच आठ-आठ दिवसांनी पेरले तर दर आठवड्याला एक दिवस बागेतली भाजी मिळते. छोट्या बागेकडून एवढीच अपेक्षा ठेवा, पण ती चुकू देऊ नका.

जागा आणि माती

दिवसातून सहा तास ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही अशी जागा निवडा. गादीवाफे १५ सेंटिमीटर उंच करा. रुंदी एक मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे मुलांचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोहोचतो आणि वाफा तुडवला जात नाही. वेलांचे मांडव उत्तरेला घ्या, नाहीतर हिवाळ्यात त्यांची सावली वाफ्यांवर पडते. प्रत्येक वाफ्याला दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत मिसळा. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते.

काय, केव्हा

- जूनअखेर ते जुलै: भेंडी, गवार, चवळी, कुंपणावर दोडका आणि लाल भोपळा. भेंडी ४५ ते ५० दिवसांत सुरू होते आणि दिवाळीपर्यंत पुरते. पिकलेला भोपळा सुट्टीआधी काढून ठेवला तरी टिकतो.
- पावसाळी पालेभाजी: लाल माठ, अंबाडी. माठाचे बी बारीक असते, ते वाळूत मिसळून पेरा.
- सप्टेंबर: वांगी आणि टोमॅटोच्या रोपांची लागवड. मुख्य तोडा दिवाळीनंतर येतो.
- दिवाळीनंतर शाळा भरताच: मेथी, पालक, मुळा. सुट्टीच्या तोंडावर या भाज्या पेरू नका, कोवळ्या रोपांचे पाण्यावाचून हाल होतात.
- मार्चनंतर: नवी पेरणी थांबवा. एप्रिलअखेर रिकामे वाफे पालापाचोळ्याने झाका.

बांधावर शेवगा, कढीपत्ता, पपई पावसाळ्यातच लावा. शेवगा तीन फुटांचा झाला की शेंडा खुडा, फांद्या हाताशी राहतात. ताटे धुतलेले पाणी अळू आणि केळीकडे वळवा, पालेभाजीला देऊ नका.

बियाणे, कीड आणि मुलांची काळजी

दुकानातल्या रंगीत बियांवर बुरशीनाशकाचा लेप असतो. मुले हाताने बी टोकणार असल्याने प्रक्रिया न केलेले किंवा गावातले गावरान बियाणे घ्या. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच घराघरांतले वाण जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक मुलाने घरून एका वाणाचे मूठभर बी आणले तरी शाळेची बीजपेढी उभी राहते.

आठवड्यातून दोनदा मुलांना भेंडीची पाने उलटून पाहायला लावा. मावा, तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूला असतात. पोखरलेली भेंडी लगेच तोडून नष्ट करा. कीड वाढू लागली तर अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, एकूण १० लिटर पाणी करा आणि संध्याकाळी फवारा. फवारणी मोठ्यांनीच करावी. शेण-गोमूत्राचे जीवामृत वापरत असाल तर ते फक्त मातीत द्या आणि पालेभाजी काढण्याआधी पंधरा दिवस थांबवा. बागेतून आल्यावर साबणाने हात धुणे आणि भाजी स्वच्छ पाण्याने धुणे यात सूट नको.

सुट्टीतली जबाबदारी

दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालणार आणि तोडलेली भाजी कोण नेणार, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या जुलैमधल्या बैठकीतच ठरवा. जवळ राहणारी दोन-तीन कुटुंबे आणि स्वयंपाकी ताई यांच्या पाळ्या लावा, आणि पाळीच्या दिवशीची भाजी त्यांनाच द्या. हे ठरत नसेल तर वाफ्यांची संख्या निम्मी करा. चार वाफे वर्षभर हिरवे ठेवणारी शाळा मुलांना शेती शिकवते. वीस वाफे सुट्टीत वाळवणारी शाळा त्यांना शेतीपासून दूर लोटते.